ढिगाची हद्द

गव्हाच्या ढिगातून एक दाणा उचलला, तरी ढीग ढीगच राहतो. दुसरा उचलला, तरीही. मग असं करत करत एकच दाणा उरला, तर त्यालाही ढीग म्हणायचं का? इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या युब्युलिडीझ या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर हे कोडं आहे. तत्त्वज्ञ टिमथी विल्यमसन म्हणतात, ढीग कुठे संपतो याची हद्द असते, फक्त ती आपल्याला कळू शकत नाही. मला हे पटत नाही. ‘ढीग’ या शब्दाला दाणे मोजायचेच नसतात.

गणिती तर्काचे अभ्यासक लोत्फी झादे यांनी 1965 मध्ये वेगळी वाट काढली: ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या मधल्या पायऱ्याही मोजायच्या. जपानमधल्या सेंदाई शहराच्या मेट्रोत 1987 पासून गाडीचा वेग आणि ब्रेक याच तर्काने सांभाळले गेले.

स्वयंपाकातही हेच दिसतं. ‘मावेल तेवढं पाणी घालून कणीक भिजवा’ हे मोघम वाटतं खरं. पण पीठ जाडं की बारीक, कोरडं की पावसाळ्यात सर्दावलेलं, यावर पाणी कमीजास्त लागतं. वाटीचं माप दिलं, तर तेच फसवं ठरेल. इथे मोघमपणा हीच अचूकता आहे.

कायद्यालाही हे मान्य आहे. मतदानासाठी 18 वर्षांची रेघ आखावी लागते; पण 1872 च्या करार कायद्यात, मुदत ठरलेली नसेल तर काम ‘वाजवी वेळेत’ व्हावं, एवढंच म्हटलं आहे. वाजवी म्हणजे किती, हे त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीवरून ठरतं. नाशवंत भाजी पोचवायला लागणारा वेळ आणि इमारत बांधायला लागणारा वेळ एकाच आकड्यात बसणार कसा?