निवडणुकीची देणगी : कारखान्याची की सभासदाची?



निवडणूक जवळ आली की गट ऑफिसात आणि वजनकाट्यावर एक प्रश्न हमखास निघतो, “आपल्या उसाच्या बिलातनं पक्षाला पैसा जातो का हो?” प्रश्न सरळ आहे. उत्तरही सरळच द्यावयास हवे.

आधी साता समुद्रापलीकडचे एक उदाहरण पाहू. अमेरिकेत मिनेसोटा व नॉर्थ डकोटा भागात बीटापासून साखर होते. तेथील ‘अमेरिकन क्रिस्टल शुगर’ ही कंपनी १९७३ साली बीट उत्पादक शेतकऱ्यांनी विकत घेऊन सहकारी केली. अशा कारखान्याला किंवा व्यापारी संघाला आपल्या तिजोरीतून केंद्रीय निवडणुकीच्या उमेदवाराला देणगी देता येत नाही. त्यासाठी वेगळी राजकीय समिती, तिचे वेगळे बँक खाते आणि जबाबदार खजिनदार लागतो. त्या खात्यात सभासद स्वखुशीने पैसे घालतो. सक्ती करता येत नाही. एका माणसाकडून वर्षाला जास्तीत जास्त ५,००० डॉलर घेता येतात. वर्षात २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचे नाव व व्यवसाय सरकारी निवडणूक आयोगाकडे कळवावा लागतो, आणि तो कागद कोणालाही पाहता येतो. २०१० च्या न्यायालयीन निकालानंतर मात्र कंपन्यांना उमेदवाराशी संगनमत न करता स्वतंत्र प्रचारावर खर्च करण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे तिथेही सगळेच बांध शाबूत आहेत असे नाही.

आता आपल्याकडे पाहू. कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर १९६९ साली बंदी आली, १९८५ साली ती मर्यादा घालून उठली. २०१३ च्या कायद्याने सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा ठेवली. २०१७ साली ती काढली. पण १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांबरोबर हा बदलही रद्द केला.

सहकाराची गोष्ट वेगळी. दुधनीची शीव ओलांडली की कर्नाटक लागते. अशा दोन राज्यांत सभासद असणाऱ्या बहुराज्य संस्थांना तर राजकीय पक्षाचे हित साधणाऱ्या संघटनेला पैशाने वा वस्तुरूपाने, सरळ वा आडमार्गाने, देणगी देण्यास २००२ च्या कायद्यानेच मनाई आहे.

आडमार्ग का म्हटले? १९८१ साली मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्यांचे प्रकरण गाजले. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या खटल्यात साखर कारखान्यांच्या देणग्यांचाही प्रश्न आला. त्यांना शिक्षा झाली नाही, हेही नमूद केले पाहिजे. पण धडा आपल्यासाठी आहे : ज्याच्या हाती परवाना, त्याला दिलेली देणगी खरोखर स्वखुशीची किती?

तेव्हा सभासदांनी तीन गोष्टी कराव्यात. ऊसबिलातील कपातीचा रकाना नीट वाचावा. ‘इतर कपात’ असेल तर कशाची ते शेतकी खात्यात विचारावे. वार्षिक सभेपूर्वी अहवालातील देणग्यांची बाब पाहावी आणि सभेत उठून बोलावे. पक्षाला द्यायचेच असेल तर स्वतःच्या खात्यातून चेकने द्यावे, पावती घ्यावी. २०,००० रुपयांवरील देणगीची माहिती पक्षाला निवडणूक आयोगाकडे द्यावी लागते.

पक्ष ज्याचा त्याचा. कारखाना मात्र सगळ्यांचा. एका पक्षाच्या सभासदाचा ऊस दुसऱ्या पक्षाच्या प्रचाराला लागता कामा नये, एवढेच सांगणे. कळावे.