पहिली सिगार घेण्याआधी: ‘माइल्ड’ म्हणजे नक्की काय?

(एपिसोडचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचून टाका.)

आजचा विषय एका मेसेजमधून आलाय. बदलापूरला खरवईत राहणाऱ्या एका श्रोत्याने विचारलंय: “दादा, मित्राच्या हळदीला ग्रुपने सिगार ओढायचं ठरवलंय. मी सिगारेट पण ओढत नाही. पहिल्यांदा कुठली घेऊ? माइल्ड घेतली तर चालेल ना? तसंही सिगारचा धूर आत घ्यायचा नसतोच, मग काय होतंय?”

प्रश्न एकदम प्रामाणिक आहे. आपल्याकडे हळदीचा थाट लग्नापेक्षा मोठा. डीजे, मटण, रील्स, आणि त्यात आता सिगार. तर आज दोन गोष्टी करू. दुकानदार जे शब्द फेकतो त्यांचा अर्थ समजून घेऊ. आणि ‘आत घ्यायचा नसतो, मग काय होतंय’ हे तपासून बघू. एपिसोड १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. त्याखालच्यांना तंबाखू विकणंच कायद्याने गुन्हा आहे.

सिगार म्हणजे नक्की काय?

सिगारेटमध्ये कागद असतो, सिगारमध्ये आतबाहेर सगळी तंबाखूचीच पानं. तीन भाग असतात. आतला भराव म्हणजे ‘फिलर’, त्याला बांधून ठेवणारं पान म्हणजे ‘बाइंडर’, आणि वरचं दिसायला गुळगुळीत पान म्हणजे ‘रॅपर’. हाताने वळलेल्या चांगल्या सिगारमध्ये आतली पानं अख्ख्या लांबीची असतात. मशीनच्या स्वस्त सिगारमध्ये बारीक तुकडे भरतात, ती भराभर आणि गरम जळते.

टपरीवर ‘सिगार’ म्हणून मिळणारी बारीक तपकिरी वस्तू बऱ्याचदा ‘सिगारिलो’ असते, नाहीतर तपकिरी कागदातली फ्लेवरवाली सिगारेट. हिचं पुढे बोलू, कारण नवखा माणूस इथेच फसतो.

आणि हो, सिगार म्हणजे फक्त क्युबा असं नाही. तमिळनाडूतल्या दिंडिगुल भागात सिगारचा तंबाखू पिकतो, आणि त्रिचीचे चिरूट इंग्रजांच्या काळात थेट लंडनपर्यंत जायचे. १८८७च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स राखेवरून ओळखतो, की खुन्याने त्रिचनापल्लीची सिगार ओढली होती. आपल्या बाजूला निपाणीचा तंबाखू प्रसिद्ध, पण तो मुख्यतः बिडीसाठी.

दुकानदाराचे शब्द

*माइल्ड, मीडियम, फुल.* ही वर्गवारी चव आणि ‘किक’ची आहे. तंबाखूच्या झाडाच्या शेंड्याकडच्या पानांना जास्त ऊन मिळतं, ती जाड आणि कडक असतात. त्यांना ‘लिगेरो’ म्हणतात. खालची पानं सौम्य. भरावात शेंड्याची पानं जास्त असली की सिगार ‘फुल’. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ‘माइल्ड’ हा शब्द तब्येतीबद्दल काहीच सांगत नाही. कमी तिखट मिसळ म्हणजे डाएट मिसळ नव्हे, तसंच.

*रंग.* काळपट सिगार म्हणजे कडक, असा समज आहे. तसं नसतं. ‘मादुरो’ नावाचं गडद रॅपर जास्त मुरवल्यामुळे काळं होतं, आणि चवीला उलट गोडसर लागू शकतं. रंगावरून जोर ठरवू नका.

*साइझ.* लांबी इंचात सांगतात आणि जाडी ‘रिंग गेज’मध्ये, म्हणजे इंचाच्या चौसष्टाव्या भागात. ‘रोबुस्टो’ साधारण ५ इंच लांब आणि ५० गेजची. ५० भागिले ६४ इंच, म्हणजे जवळपास २० मिलिमीटर जाड. ती संपायला पाऊण-एक तास लागतो. नवख्यांना बहुतेक ‘कोरोना’ सुचवतात, साडेपाच इंच आणि ४२ गेज, म्हणजे साधारण १७ मिलिमीटर.

*ताजेपणा.* सिगार ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवावी लागते. हलकं दाबलं की थोडी दबून परत वर यायला हवी. करकरली तर सुकलेली, ती घशाला चटके देते. आपल्या पावसाळ्यात उलटा त्रास, बुरशी. आणि रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर आत तंबाखूचा किडा लागलाय, सरळ परत द्या.

*खोकं.* २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रासह इशारा असावा लागतो, आयात मालावरही. खोक्यावर इशाराच नसेल तर तो माल नियमाबाहेरच्या वाटेने आलेला असण्याची शक्यता मोठी. आत काय आहे आणि किती जुनं आहे याची हमी कोणी देणार नाही. सुटी सिगार घेतली तर ते खोकं आपल्या डोळ्यासमोर येतच नाही, हेही ध्यानात घ्या.

आता मुद्द्याचं: ‘आत घेत नाही, मग काय होतंय?’

हे समजायला क्युबाला जायची गरज नाही. आपल्या आजोबांची चंची आठवा. तंबाखूशेजारी चुन्याची डबी का असते? नुसती तंबाखू तोंडात धरली तर निकोटिन हळू उतरतं. चुना मळला की मिश्रण अल्कधर्मी होतं, आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जातं. आजोबांनी आयुष्यात धूर आत घेतला नाही, तरी बार भरल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नव्हता. बरोबर?

सिगारमध्ये हेच चुन्याशिवाय घडतं. सिगारेटच्या तंबाखूत साखर शिल्लक असते, म्हणून तिचा धूर किंचित आम्लधर्मी असतो. तोंडातून त्यातलं निकोटिन फारसं शोषलं जात नाही, धूर फुप्फुसात न्यावा लागतो. सिगारची पानं महिनोन्‌महिने मुरवतात, त्यात साखर संपते, आणि धूर अल्कधर्मी होतो. म्हणजे तो तोंडात नुसता फिरवला तरी निकोटिन रक्तात पोहोचतं.

आता मात्रा बघा. एका सिगारेटमध्ये एक ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असते. मोठ्या सिगारमध्ये ५ ग्रॅमपासून १५ ग्रॅमच्याही वर असू शकते. काही सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू भरते. म्हणून ‘एकच तर ओढली’ हे गणित सिगारला लागू होत नाही.

धुरातली कॅन्सर करणारी द्रव्यंही तोंडातच फिरतात. रोज सिगार ओढणाऱ्यांमध्ये तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि फुप्फुसाचाही. कधीतरी ओढणाऱ्याचा धोका रोजच्यापेक्षा कमी, पण शून्य म्हणता येईल अशी सिगार अजून बनलेली नाही. महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के निघाले, पण तोंडात तंबाखू ठेवणारे २४.४ टक्के. धूर आत न घेता तंबाखू काय करते, हे परळच्या टाटा हॉस्पिटलच्या ओपीडीत रोज दिसतं.

आणि ती बारीक सिगारिलो? तिच्यात तंबाखू कमी, हे खरं. पण ती सिगारेटसारखी हातात बसते, म्हणून लोक धूर आत ओढतात. ‘छोटी म्हणून सेफ’ हा हिशोब तिथेच फिसकटतो.

हळदीच्या रात्री काय होऊ शकतं?

ज्याला निकोटिनची सवय नाही, त्याला अर्ध्या सिगारमध्येच मळमळ, थंड घाम, चक्कर, हाताला कंप सुरू होऊ शकतो. रिकाम्या पोटी जास्तच. दारू सोबत असेल तर नेमकं कशाने होतंय तेच कळत नाही. असं कोणाला झालं तर सिगार लगेच बाजूला, मोकळ्या हवेत बसवा, घोट घोट पाणी द्या. ‘अजून दोन कश मार, बरं वाटेल’ म्हणणाऱ्याला लांब पाठवा. उलट्या थांबत नसतील, छाती जोरात धडधडत असेल किंवा माणूस गुंगीत जात असेल तर डॉक्टरकडे न्या, वाट बघत बसू नका.

सिगार तासभर जळते, त्यामुळे आजूबाजूला धूर भरपूर. मांडवात लहान पोरं, म्हातारी माणसं, एखादी गरोदर वहिनी असते. त्यांनी सिगार निवडलेली नसते.

कायद्याचंही पटकन. सार्वजनिक ठिकाणी, म्हणजे स्टेशन, बस स्टँड, हॉटेल, सरकारी ऑफिस, तिथे धूम्रपानाला बंदी आहे, २०० रुपयांपर्यंत दंड. ट्रेनमध्ये तर रेल्वेचा वेगळा नियम लागतो. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. आणि ‘मग व्हेप घेतो’ म्हणणाऱ्यांनो, ई-सिगारेटची विक्री २०१९च्या कायद्याने देशभर बंद आहे.

मग उत्तर काय?

खरवईच्या मित्रा, तू सिगारेट ओढत नाहीस. तुझ्या हातात सगळ्यात भारी पत्ता तोच आहे. माझं मत विचारशील तर पेटवूच नकोस. फोटोसाठी हातात धरली तरी रील तेवढीच चालते. न पेटवलेली सिगार कोणाला कळत पण नाही.

तरीही कोणी ओढणारच असेल, तर निदान डोळे उघडे ठेवून. लहान साइझ, खोक्यावर इशारा असलेली, पोटभर जेवल्यावर, दारूशिवाय, मोकळ्या जागेत, आणि डोकं हलकं वाटायला लागलं की तिथेच थांबायचं. सिगार संपवलीच पाहिजे असा नियम कुठेही नाही. एवढं करून ती सुरक्षित होत नाही, फक्त ती रात्र जरा कमी बिघडते.

आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाला आधीच सवय लागली असेल, सिगार, सिगारेट, मावा, काहीही, तर १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन आहे. फोन केल्यावर लेक्चर देत नाहीत, सोडायचं कसं ते टप्प्याटप्प्याने सांगतात. नंबर सेव्ह करून ठेवा. स्वतःला नाही लागला तर घरातल्या कोणाला तरी लागेल.

हळदीला जाणार असाल तर हा एपिसोड ग्रुपवर टाका, सिगार यायच्या आधी. भेटू पुढच्या भागात!