सहकाराचे तंटे आणि न्यायालयाची दारे

सहकार हा शब्द उच्चारला की आपल्या मनात एकोप्याचे चित्र उभे राहते. एकट्याला जे जमत नाही ते दहा जणांनी मिळून करावे, नफा झाला तर वाटून घ्यावा, तोटा झाला तर मिळून सोसावा, अशी ही कल्पना. मग अशा एकोप्याच्या घरात भांडणे होतात कशी, आणि झालीच तर ती गावातल्या गावात न मिटता थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात का, असा प्रश्न कोणालाही पडेल. तो वकिलांचा प्रश्न आहे म्हणून सोडून देऊन चालणार नाही. आपल्यापैकी कोणाची ठेव नागरी सहकारी बँकेत आहे, कोणाचे घर सहकारी गृहनिर्माण संस्थेत आहे, कोणाच्या भावाचा ऊस सहकारी कारखान्याला जातो, तर कोणी अशाच एखाद्या संस्थेत नोकरीला आहे. तंटा दिल्लीला गेला तरी त्याची झळ येथेच पोहोचते.

मी कामगार चळवळीतला माणूस आहे. कायद्याच्या महाविद्यालयाची पायरी मी चढलेलो नाही. युनियनच्या कचेरीत निकालपत्रे वाचता वाचता जेवढे उमगले तेवढेच सांगणार आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या सहकारी तंट्यांपैकी पुष्कळांत 'कोण खरा, कोण खोटा' हा प्रश्नच नव्हता. पहिला प्रश्न असे तो हा, की ह्या भांडणाचा निवाडा करायचा कोणी? आणि दुसरा हा, की संस्था अडचणीत आली तर तिच्या मालमत्तेतून आधी कोणाचे देणे भागवायचे?

प्रथम वाट समजून घेऊ. आपल्या राज्यात सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा आहे. त्याच्या ९१ व्या कलमात वादांचे पाच विषय सांगितले आहेत: संस्थेची घटना, निवडणूक, सर्वसाधारण सभेचे कामकाज, व्यवस्थापन आणि व्यवसाय. वाद संस्था आणि सभासद ह्यांच्यातला असो, की एक संस्था आणि दुसरी संस्था ह्यांच्यातला असो, तो ह्या कलमात बसला की सहकार न्यायालयात जातो. दिवाणी न्यायालयाला तेथे मज्जाव आहे. सहकार न्यायालयाच्या वर सहकार अपील न्यायालय. त्यानंतर राज्यघटनेच्या २२६ व २२७ ह्या अनुच्छेदांखाली उच्च न्यायालयाकडे दाद मागता येते, आणि तेथेही समाधान झाले नाही तर १३६ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयाची विशेष अनुमती मागता येते. ही अनुमती म्हणजे पक्षकाराचा हक्क नव्हे. न्यायालयाला योग्य वाटले तरच ती मिळते.

आता ह्या पाच शब्दांतला शेवटचा शब्द पाहा: व्यवसाय. दिसायला साधा, पण एवढ्या एका शब्दावर दिल्लीपर्यंत लढाया झाल्या आहेत. मुंबईच्या डेक्कन मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँकेचा खटला ह्यात प्रसिद्ध आहे. बँकेच्या मालकीच्या एका इमारतीतल्या जागेचा ताबा तिला हवा होता. तिने ९१ व्या कलमाचा रस्ता धरला. समोरचे लोक म्हणाले, "आम्ही भाडेकरू, आमचे रक्षण भाडे नियंत्रण कायदा करतो, आमचा निवाडा लघुवाद न्यायालयातच व्हायला हवा." १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, संस्थेचा व्यवसाय म्हणजे कायदा, नियम आणि स्वतःचे पोटनियम ह्यांनी तिला करायला सांगितलेला प्रत्यक्ष व्यवहार. बँकेचा व्यवसाय पैशाच्या देवघेवीचा. जागा भाड्याने देणे हा नव्हे. तेव्हा हा तंटा ९१ व्या कलमाखाली चालू शकत नाही. ध्यानात घ्या, ताबा कोणाला मिळावा हे त्या निकालाने ठरले नाही. ठरले ते एवढेच, की बँक चुकीच्या दाराशी उभी होती.

पुढे १९८२ साली मुंबईच्याच एका गृहनिर्माण संस्थेचा तंटा त्याच न्यायालयापुढे आला. सभासदाने आपल्या गाळ्यात दुसऱ्याला परवानगीने राहू दिले होते. तो जागा सोडीना, म्हणून संस्थेने ९१ व्या कलमाखाली दाद मागितली. ह्या वेळी न्यायालय म्हणाले, हा वाद सहकाराच्याच दारातला आहे. कारण गृहनिर्माण संस्थेचा व्यवसायच घरे पुरविण्याचा. आपल्या गाळ्यांत पोटनियमांप्रमाणे योग्य माणसेच राहतात की नाही हे पाहणे तिच्या कामाचा भाग आहे. वरवर पाहता दोन्ही खटले जागेच्या ताब्याचे. निकाल मात्र उलट. फरक संस्थेच्या कामाचा होता. म्हणून मी सभासदांना नेहमी सांगतो, संस्थेचे पोटनियम कपाटात ठेवू नका, वाचा. तुमचा तंटा कोणत्या दाराशी जाणार हे पुष्कळदा त्या पातळ पुस्तिकेतच लिहिलेले असते.

आता माझ्या बिरादरीचा प्रश्न. सहकारी संस्थेत नोकरी करणाऱ्याचा पगाराचा तंटा कोणत्या दाराशी न्यायचा? आंध्र प्रदेशातील मध्यवर्ती सहकारी बँकांच्या नोकरांचा वाद हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणाकडे सोपविला गेला, तेव्हा बँकांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही सहकारी, आमचे नोकरही आमच्या व्यवसायाचाच भाग; तेव्हा हा वाद निबंधकाकडे जावा. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही हरकत फेटाळली. नोकरीच्या अटी बदलून देणे हे निबंधकाच्या अधिकारात नाही, ते काम न्यायाधिकरणाचे. आणि जो अधिकारी दादच देऊ शकत नाही त्याच्याकडे तंटा पाठविण्यात अर्थ नाही, असे त्या निकालाचे सार. आपल्या राज्याच्या कायद्यात तर औद्योगिक विवाद ९१ व्या कलमाच्या कक्षेतून स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. 'आपण सारे एका कुटुंबातले' असे वार्षिक सभेत म्हणणाऱ्या संचालकांना हा निकाल जरूर दाखवावा. कुटुंब असले तरी हजेरीपट आहे, पगारपत्रक आहे आणि कामाचे तास आहेत. जेथे ह्या तीन गोष्टी आहेत तेथे कामगार कायदा आहे.

दार चुकले की काय होते ते निवडणुकीच्या तंट्यांत फार स्पष्ट दिसते. महाराष्ट्रातील एका सहकारी दूध उत्पादक संस्थेने मतदारयादीच्या भांडणावरून सर्वोच्च न्यायालय गाठले होते. २००१ साली न्यायालयाने सांगितले की, मतदारयादी करणे हा निवडणुकीच्याच कामाचा एक टप्पा आहे. निवडणूक एकदा सुरू झाली की तिला मधेच उच्च न्यायालयातून थोपवू नये. ज्याची तक्रार असेल त्याने निकालानंतर, त्या वेळच्या कायद्याने नेमून दिलेल्या ठिकाणी निवडणूक अर्ज करावा. ह्यामागचा विचार सरळ आहे. जो तो यादीवर स्थगिती आणू लागला तर निवडणूक कधी होणारच नाही, आणि बसलेली मंडळी बसलेलीच राहतील.

येथवर दारांचे झाले. आता ढिगातून आधी कोणाचे, ह्या प्रश्नाकडे वळू. आपल्या सहकारी पतपुरवठ्याची रचना तीन मजली आहे: गावात प्राथमिक सोसायटी, जिल्ह्यात मध्यवर्ती बँक, आणि वर राज्य सहकारी बँक. साखर कारखाना ह्या बँकांकडून कर्ज घेतो आणि गोदामातील साखर तारण देतो. कारखाना थकला की बँक साखरेवर हक्क सांगते. दोन्ही संस्था सहकारी. कारखान्याचा सभासद असलेला ऊसवालाच गावच्या सोसायटीचाही सभासद असतो, आणि त्या सोसायटीचा धागा वर राज्य बँकेपर्यंत जातो. म्हणजे ज्याने कर्ज दिले तोही तोच आणि ज्याने बुडविले तोही तोच. पण ह्या दोघांच्या मधे तिसरा एक माणूस उभा असतो, त्याचे नाव कामगार. एका कारखान्यात मी पाहिले आहे: पगारपत्रकावर फंडाची कपात महिन्याच्या महिन्याला दिसे, आणि फंडाच्या खात्यात मात्र ती रक्कम पोहोचलेलीच नसे.

मराठवाड्यातील साखर कारखान्यांच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कारखान्यांकडे भविष्य निर्वाह निधी थकला, म्हणून निधीच्या अधिकाऱ्यांनी साखरेच्या पोत्यांवर टाच आणली. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक म्हणाली, "ही साखर आमच्याकडे तारण आहे; आधी आमचे कर्ज." १९५२ च्या निधी कायद्यात, १९८८ च्या दुरुस्तीनंतर, असे म्हटले होते की थकलेला निधी, मग तो कामगाराच्या पगारातून कापलेला असो वा मालकाच्या वाट्याचा असो, हा आस्थापनेच्या मालमत्तेवरील पहिला बोजा राहील आणि इतर सर्व कर्जांच्या आधी फेडला जाईल. २००९ साली न्यायालयाने बँकेचे अपील फेटाळले. साखर तारण दिली म्हणून ती कारखान्याची मालमत्ता राहिली नाही असे होत नाही, आणि कायद्याने निधीला दिलेला अग्रहक्क तारणावरही चालतो, असा तो निकाल. निधीवरचे व्याज आणि दंडाची रक्कमही त्या अग्रहक्कात धरली गेली.

हा निकाल ऐकून कामगारांनी टाळ्या वाजवल्या तर नवल नाही. पण टाळ्यांबरोबर दुसराही निकाल ऐकावा लागेल. विदर्भातील एका सहकारी साखर कारखान्याच्या कामगारांच्या थकलेल्या पगाराचा प्रश्न घेऊन तीच राज्य बँक २०१९ साली पुन्हा त्याच न्यायालयापुढे होती, आणि ह्या वेळी बँक जिंकली. पगाराची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते, हे खरे. परंतु वसुलीची रीत मिळाली म्हणजे तारण घेतलेल्या धनकोच्या पुढचा नंबर मिळाला असे नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. कष्ट तोच, कामगार तोच. पण निधीच्या रुपयामागे 'पहिला बोजा' हे शब्द विधिमंडळींनी लिहून ठेवले होते, त्या पगाराच्या रुपयामागे ते नव्हते. न्यायाधीश लिहिलेले वाचतात. जे लिहिलेच नाही ते लिहून घेण्याची जागा न्यायालय नव्हे, संसद आणि विधानसभा आहे. आणि तेथे पोहोचायला मोर्चा लागतो, वकीलपत्र नव्हे. २०२० साली कामगार कायद्यांच्या नव्या संहिता संमत झाल्या. म्हणून आज दावा करताना चालू कलम जाणत्याकडून तपासून घ्यावे. मी सांगितले ते निकालांमागचे तत्त्व.

आणखी एक दार सांगायचे राहिले. एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या संस्थांना केंद्राचा २००२ चा निराळा कायदा आहे आणि त्यांचे वाद लवादाकडे जातात. राज्यातल्या संस्थांवर केंद्राचा हात किती पोहोचतो, हाही प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने २०१२ पासून राज्यघटनेत सहकारी संस्थांचा एक स्वतंत्र भाग आला होता. २०२१ साली न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो राज्यांतील संस्थांपुरता रद्द केला आणि बहुराज्यीय संस्थांपुरता कायम ठेवला. सहकारी संस्था हा राज्यांच्या सूचीतला विषय; निदान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती न घेता त्यात असा हात घालता येत नाही, हे त्याचे कारण. म्हणून भांडणाआधी हेही पाहावे की आपली संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे.

ह्या सर्वांतून सामान्य सभासदाने काय घ्यावे? संस्था जिंकली तरी वकिलाचे बिल सभासदांच्या पैशातून जाते, आणि हरली तरी त्यातूनच. दोन संस्था भांडल्या तर पुष्कळदा एकाच गावचे लोक दोन्ही बिले भरतात. म्हणून संचालक मंडळ जेव्हा 'आपण वरच्या कोर्टात जाऊ' असा ठराव आणील, तेव्हा सर्वसाधारण सभेत उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. तंटा नेमका कशाचा आहे? हेच दार योग्य आहे असा सल्ला कोणी आणि लेखी दिला आहे का? आणि लढाईत जी वर्षे जातील त्या वर्षांत कामगाराच्या पगाराचे, उसाच्या बिलाचे, ठेवीदाराच्या पैशाचे काय? कामगाराने आपले फंडाचे खाते दर वर्षी पाहावे, आणि कपात जमा नसेल तर कारखाना चालू आहे तोवरच ओरड करावी. बंद फाटकापुढे केलेली ओरड फक्त पहारेकऱ्याला ऐकू येते.

सर्वोच्च न्यायालय हे मोठे ठिकाण आहे, त्याचा मान ठेवलाच पाहिजे. परंतु संस्था चालविण्याचे काम ते आपल्यासाठी करणार नाही. ते काम हिशेब मागणाऱ्या सभासदाचे आहे, आणि ते वर्षातून एकदा तरी, आपल्याच गावातल्या सभेत, फुकट करता येते.