नवापूरची मर आणि तिचा माग

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात जानेवारी २००६ च्या अखेरीपासून पोल्ट्रीतल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. पहिला संशय राणीखेतवर गेला. गावाकडे ज्याला मानमोडी म्हणतात तो हा रोग महाराष्ट्रात जुनाच. त्यातही शेडच्या शेड रिकामी होते, म्हणून या अंदाजाला अगदीच आधार नव्हता असे नाही. पण मर थांबेना. नमुने तपासणीला गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेचा निष्कर्ष जाहीर झाला: एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा अतिघातक प्रकार. भारतातल्या कोंबड्यांमध्ये या विषाणूची ही पहिली अधिकृत नोंद होती.

पहिली मर आणि पक्के निदान यांच्यात सुमारे तीन आठवडे गेले. साथीच्या तपासात सगळ्यांत महाग पडतो तो हाच काळ. एच५एन१ शेडमध्ये शिरला की दोन दिवसांत जवळजवळ सगळे पक्षी मारू शकतो. तुरा आणि गलोल निळसर पडतात, डोके सुजते, पायांच्या नळ्यांवर रक्ताळलेले डाग दिसतात, अंडी एकाएकी घटतात. राणीखेतमध्ये मान मुरगळते, पाय-पंख लुळे पडतात, हिरवट हगवण लागते. पुस्तकात हा फरक स्वच्छ असतो, पण हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये सकाळी मेलेल्यांचा ढीग उपसताना तो तितका स्वच्छ राहत नाही. दोन्ही रोगांची बरीच लक्षणे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे शवविच्छेदनावरून संशय घेता येतो. नाव प्रयोगशाळेनेच द्यायचे असते. आणि असा जिवंत विषाणू हाताळता येईल एवढी बंदिस्त व्यवस्था त्या वेळी देशात पशुरोगांसाठी भोपाळलाच होती.

नवापूरची जागाही तपासाला सोपी नव्हती. गाव सुरत-धुळे महामार्गावर आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर, राज्याच्या सीमेला इतके टेकलेले, की त्याच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत येतो. इथल्या शेडमधली अंडी दोन्ही राज्यांत जात. कोंबडीखाद्याच्या गाड्या, अंड्यांचे ट्रे, मजूर, खत म्हणून उचललेली विष्ठा, सगळ्यांची ये-जा सीमेपलीकडे. त्यामुळे माग काढायचा तो दोन्ही दिशांनी. रोग आला कुठून हे मागे जाऊन शोधायचे, आणि मर सुरू झाल्यापासून इथून काय काय बाहेर गेले याचा पुढचा हिशेब मांडायचा. फेब्रुवारीतच शेजारच्या उच्छल भागात, म्हणजे गुजरातच्या हद्दीत, रोग सापडला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या घरगुती कोंबड्यांत तो दिसला, आणि पुढे मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर भागातही.

बाधित ठिकाणाभोवती ३ किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी मारायचे आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, असे तेव्हाचे धोरण होते. पशुसंवर्धन खात्याच्या तुकड्या पांढरे अंगभर पोशाख, गॉगल आणि मास्क चढवून शेडमध्ये उतरल्या. पक्षी मारून खोल खड्ड्यात चुन्याच्या थरांसह पुरायचे, खाद्य आणि अंडी नष्ट करायची, जमिनीवरचा भुसा-विष्ठेचा थर (लिटर) काढायचा, मग शेड निर्जंतुक करायची. मोठ्या पोल्ट्रीत हे काम जड असले तरी सरळ असते. खरी कसोटी आदिवासी पाड्यांवर लागते. तिथे चार-सहा गावठी कोंबड्या प्रत्येक घरी, रात्री त्या घरातच खुराड्यात. अडीअडचणीला विकायची ती बचत, पाहुण्याला रांधायचे ते जेवण आणि देवाला द्यायचा तो मान. डोळ्यांदेखत धडधाकट दिसणारा पक्षी कुणी सहजी देत नाही. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळणार नसेल तर कोंबड्या रानात सोडल्या जातात नाहीतर नातेवाइकांकडे पोचतात, आणि रोग त्यांच्यासोबत जातो. म्हणून भरपाईला निव्वळ मदत समजणे चूक आहे. ती पाळतीचाच भाग आहे.

माणसांचा तपास समांतर चालू होता. १९९७ साली हाँगकाँगमध्ये याच विषाणूने १८ जणांना गाठले आणि त्यांतले ६ दगावले. जिवंत कोंबड्यांच्या बाजारांशी त्याचा संबंध आढळल्यावर तिथे वर्षअखेरीस सगळ्या कोंबड्या मारल्या गेल्या होत्या. २००३ पासून जगभरात नऊशेहून अधिक माणसांना एच५एन१ ची लागण नोंदली गेली असून त्यांतले जवळपास निम्मे मरण पावले आहेत. हे आकडे पाहता नवापुरात ताप-खोकल्याचा प्रत्येक रुग्ण संशयित धरणे भाग होते. अशा वेळी प्रथम ‘रुग्ण’ म्हणायचे कुणाला ते ठरवतात: ताप आणि खोकला किंवा धाप, आणि त्याआधीच्या काही दिवसांत आजारी पक्ष्यांशी संपर्क. मग घरोघरी फिरून यादी करतात. यादीत नाव, वय, गाव, ताप कधी आला आणि पक्ष्यांशी काय काम, एवढे रकाने असले तरी पुरते. शेड झाडणारा, पक्षी कापणारा, अंडी उचलणारा आणि नुसता शेजारी राहणारा यांचा धोका सारखा नसतो. कोंबड्या मारणाऱ्या कर्मचाऱ्यांना ऑसेल्टामिविर या विषाणूरोधक औषधाच्या गोळ्या देऊन त्यांच्या तापावर लक्ष ठेवले गेले. संशयितांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे आणि दिल्लीला गेले. २००६ च्या साथीत एकाही माणसात हा विषाणू सापडला नाही. ‘नाही’ हे उत्तरही असे घरोघर फिरूनच मिळते, हे सहसा बातमीत येत नाही.

लोकांचा प्रश्न मात्र साधा होता: कोंबडी खायची की नाही? हा विषाणू आजारी पक्ष्याची लाळ, विष्ठा, पिसे, रक्त यांतून श्वासावाटे किंवा हात तोंडा-डोळ्यांना लागून शिरतो. ७० अंश सेल्सिअसला तो मरतो, त्यामुळे नीट शिजलेल्या रश्श्यातून त्याची भीती नाही. धोका असतो तो पक्षी सोलताना आणि साफ करताना. तरीही देशभर चिकनचा खप कोसळला. रेल्वेने आपल्या जेवणातून चिकन काढून टाकले, आणि काही दिवसांनी पुढारी मंडळी कॅमेऱ्यांसमोर तंगडी खाताना दिसू लागली. या तमाशाने किती जणांची खात्री पटली कुणास ठाऊक.

अन्नातून झालेल्या विषबाधेचा तपास याहून वेगळ्या अंगाने चालतो. तिथे पक्ष्यांऐवजी ताटातल्या पदार्थांचा माग घ्यायचा असतो. समजा, लग्नात २०० जण जेवले आणि ६४ जणांना उलट्या झाल्या. बासुंदी खाल्लेल्या १२० जणांपैकी ६० आजारी, म्हणजे निम्मे. न खाल्लेल्या ८० जणांत फक्त ४, म्हणजे शंभरात ५. भाजीचा हिशेब मांडला तर खाणाऱ्या १५० जणांत ४८ आजारी आणि न खाणाऱ्या ५० जणांत १६. दोन्हीकडे प्रमाण शंभरात ३२ च, म्हणजे भाजी सुटली आणि संशय बासुंदीवर आला. आजारी नसलेल्यांना विचारल्याशिवाय हा हिशेब होतच नाही, आणि घाईच्या तपासात नेमके तेच राहून जाते. वेळही बोलतो. जेवल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर स्टॅफिलोकोकस जंतूच्या विषाचा संशय येतो. ते बहुधा हाताळणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून येते आणि पुन्हा उकळूनही नाहीसे होत नाही. सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत ताप आणि जुलाब असतील तर साल्मोनेला, जो अंड्यांतून आणि अर्धकच्च्या चिकनमधूनही येतो. पोल्ट्रीच्या अंड्याबाबत रोजच्या स्वयंपाकघरात खरी काळजी घ्यायची ती याची.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ नुसार विषबाधेची माहिती डॉक्टरांनी कळवणे बंधनकारक करता येते. जनावरांच्या साथीच्या रोगांसाठी २००९ चा स्वतंत्र कायदा आहे. माणसांच्या साथींची नोंद २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात होते. यंत्रणा अशा तीन, आणि त्या तीन वेगवेगळ्या खात्यांच्या. जिल्ह्याच्या ठिकाणी त्या एकमेकींना फोन करतात की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

११ ऑगस्ट २००६ रोजी भारताने स्वतःला बर्ड फ्लूमुक्त घोषित केले. त्या साथीतल्या कोंबडीपासून पुण्यात वेगळा केलेला विषाणू ‘ए/चिकन/इंडिया/एनआयव्ही३३४८७/२००६’ या नावाने जागतिक आरोग्य संघटनेच्या लशीसाठी सुचवलेल्या विषाणूंच्या यादीत गेला. त्याचे जनुकीय नाते २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर जंगली पक्ष्यांत आढळलेल्या कुळाशी जुळते. यावरून तो कुठल्या घराण्यातला ते कळते, पण नवापूरच्या शेडपर्यंत तो पंखांवरून आला की चाकांवरून, हे जनुके सांगत नाहीत.

नंतर नवापूरच्या पोल्ट्री पुन्हा उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे बर्ड फ्लू परतला आणि पुन्हा मोठ्या संख्येने कोंबड्या माराव्या लागल्या. त्याच वर्षी जुलैत दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणातल्या एका मुलाचा एच५एन१ ने मृत्यू झाला. भारतात माणसाचा असा तो पहिला नोंदलेला मृत्यू. त्याआधी २०१९ मध्ये मेळघाटातल्या दीड वर्षाच्या आतल्या बाळात एच९एन२ हा सौम्य प्रकार सापडला होता. ते बाळ बरे झाले. तिथे कोंबड्यांच्या साथीचा कुणी शोध घेत नव्हते. बालकांमधल्या श्वसनविकारांच्या पाळतीत घेतलेल्या नमुन्यात तो विषाणू मिळाला.