माफीच्या लेखांतला कर

प्राचीन भारतातील नगरव्यवस्थेचे नियम कौटिलीय अर्थशास्त्रात सविस्तर सापडतात. दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांची नोंद ठेवणारा ‘गोप’, नगराच्या चौथ्या भागावर ‘स्थानिक’ आणि सर्वांवर ‘नागरिक’ अशी ती उतरंड आहे. पण नियम म्हणजे व्यवहार नव्हे, आणि वसुलीच्या वह्या तर उरलेल्या नाहीत. दगडावर उरले ते दानलेख. म्हणून प्रत्यक्षातला कर शोधायचा तो माफीच्या लेखांत.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची राज्यवर्ष 18 मधील आज्ञा कोरलेली आहे. गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालिताला राजा कळवतो, की भिक्षूंना 200 निवर्तने शेत दिले आहे. त्यात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी खोदू नये, अंमलदारांनी ढवळाढवळ करू नये. ज्याची मनाई करावी लागली, ते इतरांच्या रानात राजरोस चालत असणार.

हे शेत पूर्वी उषवदाताकडे होते. क्षत्रप नहपानाचा हा जावई. दहाव्या लेण्यातील लेखात तो तापी, दमण, डहाणूच्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचे पुण्य सांगतो. म्हणजे एरवी उतारूला पैसे पडत.

त्याच लेण्यात वर्ष 42 ची एक अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, नोंदली आहे. रक्कम 3000 कार्षापण. पैकी 2000 गोवर्धनच्या एका कोष्टी श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने, तर 1000 दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज 240 होते. वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण, हा हिशेब चोख जुळतो. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजच वापरायचे. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदला गेला. राजाच्या जावयानेही भरवसा ठेवला तो कारागिरांच्या श्रेणीवर आणि नगराच्या दप्तरावर.

पुढे महाक्षत्रप रुद्रदामनाने जुनागढच्या लेखात (इ.स. 150) अभिमानाने नोंदवले, की सुदर्शन तलावाचा बांध प्रजेला कर, विष्टी (वेठबिगार) आणि प्रणय यांचा जाच न देता आपल्याच कोशातून बांधला. ‘प्रणय’ म्हणजे प्रेमाने मागितलेली जादा पट्टी! अडचणीच्या वेळी ती एकदाच मागावी, असे अर्थशास्त्र बजावते.

भिक्षूंची माफी दगडावर कोरली गेली. शेजारच्या शेतकऱ्याला माफी नव्हती, म्हणून त्याचा लेखही नाही. पण त्याच्यावरचे ओझे आपल्याला कळते, ते या माफीच्या ओळींतूनच.