‘ले ऑफ’ म्हणजे नोकरी गेली का?

बल्लारपूरचा कागद कारखाना, घुग्घुस-सास्तीच्या कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने. चंद्रपूर जिल्ह्यात ‘ले ऑफ’ हा शब्द न ऐकलेले कामगाराचे घर विरळाच. तरी गेटवर नोटीस लागली की घरोघरी एकच प्रश्न: नोकरी राहिली की गेली?

इंग्रजीत ‘ले’ म्हणजे ठेवणे, ‘ऑफ’ म्हणजे बाजूला. जोडले की तिसराच अर्थ निघतो. अमेरिकेतली वर्तमानपत्रे ‘लेड ऑफ’ लिहितात तेव्हा बहुधा माणसाची नोकरी कायमची गेलेली असते. (‘लेड’ हे ‘ले’चे भूतकाळी रूप.) पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत असलेला भाचाही तो शब्द त्याच अर्थाने वापरतो. कोणी चिडून ‘ले ऑफ’ म्हणाला, तर मात्र ‘नाद सोड’ एवढेच.

आपल्या कायद्यातला अर्थ वेगळा आहे. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा घ्या, नाहीतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेली औद्योगिक संबंध संहिता. कोळसा, वीज, कच्चा माल नाही, तयार माल साचला किंवा यंत्र बिघडले म्हणून मालक काम देत नाही, पण नाव हजेरीपटावर कायम आहे, तो ले ऑफ. नावच कमी केले तर ती कपात. तिचा हिशेब निराळा.

सलग वर्षभर सेवा (२४० दिवस, जमिनीखालच्या खाणीत १९०) झालेल्याला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. दोन्ही मिळून रोजचे ६०० रुपये असतील तर ३००. साप्ताहिक सुट्टीचे नाहीत. बदली कामगाराला ही भरपाई नाही आणि पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला हा नियमच लागू नाही. देसाईगंजच्या एखाद्या लहान भातगिरणीतल्या हमालाने मग कोणाकडे बघावे? कायदा त्यावर गप्प आहे.

खरी गोम पुढे आहे. ‘नोकरीच गेली’ असे समजून माणूस धानकापणीला गावी निघून जातो. पण ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा कामावर हजर झाले नाही, तर भरपाई बुडते. त्याच मालकाने आठ किलोमीटरच्या आत दिलेले, जमण्याजोगे दुसरे काम त्याच पगारावर नाकारले तरीही बुडते. तेव्हा ताई, नोटीस शिकलेल्या मुलाकडून नीट वाचून घ्या आणि घरधन्याला डबा देऊन गेटवर पाठवा. हजर होणाऱ्यांसाठी हजेरीपट ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. नाव चढले की नाही, ते त्याने तिथेच डोळ्यांनी बघून यावे.