ताटातल्या मासळीचे मूळ तिवराच्या पानात

शाळेच्या पुस्तकातली अन्नसाखळी गवतापासून सुरू होते. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मुले ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. कोकण किनाऱ्यावरच्या घरांत मात्र ही साखळी जेवणाच्या वेळी दस्तरखानावरच येते. तिथेच ती मुलांना समजावून सांगता येईल.

खाडीतला जिताडा घ्या. तो बोय आणि कोळंबी खातो. बोय चिखलावरचे शेवाळ आणि कुजक्या पानांचा चुरा खाते. हा चुरा तिवरांच्या झाडांचा. तिवर आणि शेवाळ सूर्यप्रकाश, पाणी व हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरून स्वतःचे अन्न स्वतः तयार करतात, म्हणून ते उत्पादक. बोय, जिताडा आणि आपण सगळे भक्षक.

तिवराचे ताजे पान फार थोडे प्राणी खातात. गळून पडले की खेकडे ते बिळात ओढून नेतात. बुरशी आणि जिवाणू ते कुजवतात. मग तेच पान कोळंबीचे आणि माशांच्या पिल्लांचे खाद्य होते. ज्या दलदलीकडे आपण नाक दाबून पाहतो, ती खाडीची मुदपाकखाना आहे असेच म्हणावे लागेल.

प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा जगण्यातच खर्च होते आणि साधारण दहावा भाग पुढे जातो. ढोबळ हिशेबाने १०० किलो पाला-शेवाळामागे १० किलो बोय आणि त्यामागे १ किलो जिताडा. म्हणून तिवर तोडून भराव घातला की फटका केवळ झाडांना बसत नाही. पिल्लांचा आसरा जातो, खाद्य आटते आणि खाडीत जाळे टाकणाऱ्या, कालवे-शिंपल्या वेचणाऱ्या कुटुंबांची रोजी कमी होते.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरतोडीला मनाई केली. राज्याने २०१२ मध्ये कांदळवनांसाठी वेगळा कक्ष स्थापन केला. तरीही खाडीकाठी राडारोडा आणि कचऱ्याच्या पिशव्या पडतातच. निदान आपल्या घरची पिशवी तिथे जाणार नाही, एवढे तर आपल्या हातात आहे.

पालकांनो, पुढच्या वेळी मासळी शिजेल तेव्हा मुलांना विचारा, "हिने काय खाल्ले असेल? आणि त्याने काय?" मुले पानापर्यंत पोहोचेपर्यंत प्रश्न थांबवू नका.